तिसऱ्या बोटाचा सूर

मानवजातीच्या इतिहासात जेवढी राज्यं बुडाली, ती सगळी खर्ज बिघडल्यामुळे बुडाली.

असं कानसाहेबांचं ठाम मत होतं. कोणकोणती राज्यं, असं कोणी विचारलं की ते "उदाहरणं आहेत" म्हणत आणि पाणी प्यायला उठत.

कानसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव आईवडिलांनी बऱ्यापैकी हौसेने ठेवलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. गाणी मिक्स करणं हा त्यांचा व्यवसाय. गायिका सोमवारी गाऊन जाते, व्हायोलिनवाला बुधवारी येतो, ड्रमवाला त्याला वाटेल तेव्हा उगवतो. ही सगळी मंडळी एकाच खोलीत बसून एकमेकांवर जीव टाकत होती, असं ऐकणाऱ्याला वाटायला लावायचं, एवढंच काम. त्यात सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे बेस गिटार. व्हायोलिन चुकलं तर लगेच कळतं. बेस कमीजास्त झाला तर काही कळत नाही, नुसतं अस्वस्थ वाटतं, आणि माणूस गाण्याला सोडून स्वतःच्या पचनाला दोष देतो.

घराच्या मागच्या बाजूला दहा बाय दहाची एक खोली होती. तिथे कानसाहेब काम करत. खुर्ची बरोबर मध्यावर. तिच्या चार पायांभोवती जमिनीवर पांढऱ्या रंगाने गोल काढलेले होते आणि झाडू मारताना ती खुर्ची दोन बोटं जरी सरकली तरी घरात दिवसभर बोलणी बंद होत. सहा वर्षांपूर्वी त्यांनी तीन दिवस दार लावून खालपासून वरपर्यंत एकेक सूर वाजवून पाहिला होता आणि बाहेर येऊन जाहीर केलं होतं, "खोली सरळ आहे." तेव्हापासून ते वाक्य घराच्या राज्यघटनेचं पहिलं कलम होऊन बसलं होतं. परवाच्या रविवारी तर त्यांनी खोलीतली अडगळही बाहेर काढायला लावली होती. खोली आता आणखी मोकळी आणि शास्त्रीय दिसत होती.

सोमवारी सकाळी संगीतकार बाईंकडून नव्या गाण्याचे सगळे ट्रॅक आले. कानसाहेबांनी नुसता बेसचा ट्रॅक लावला, डोळे मिटले, आणि अकराव्या सेकंदाला थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावला.

एक सूर खाली पडत होता.

बाकीचे सूर कसे भरदार, मांडी घालून बसलेले. मधेच तो एक सूर यायचा आणि पायरी चुकल्यासारखा खाली जायचा. पुन्हा आला, पुन्हा पडला. कानसाहेबांनी कागदावर रेघा ओढत मोजलं. सव्वाचार मिनिटांच्या गाण्यात तो सूर बेचाळीस वेळा होता आणि बेचाळीसही वेळा पडत होता. गाण्याचा सगळा भार त्याच सुरावर होता.

एरवी त्यांनी वादकाला दोन शिव्या घालून कामाला सुरुवात केली असती. पण वादक त्यांचा मेहुणा होता.

त्याला घरात सगळे धाकटा म्हणत. वय अडतीस, तरी धाकटा. दीड वर्षापूर्वी एका व्हॅनच्या सरकत्या दारात त्याच्या डाव्या हाताचं तिसरं बोट सापडलं होतं, करंगळीच्या शेजारचं. डॉक्टरांनी बोट वाचवलं, पण वाजवण्याबद्दल विचारल्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग कानसाहेबांच्या बायकोने भावाचं बोट ताब्यात घेतलं. ती फिजिओथेरपिस्ट. अकरा महिने रोज संध्याकाळी ती त्याच्या हातात रबरी चेंडू द्यायची आणि तो पन्नास वेळा दाबेपर्यंत घराबाहेर सोडायची नाही. चेंडू तीन फुटले. बोट वळायला लागलं. आणि गेल्या महिन्यात, अपघातानंतर पहिल्यांदाच, त्याला हे गाणं मिळालं. मिळालं म्हणजे कानसाहेबांनीच बाईंकडे शब्द टाकला होता.

आणि पडणारा सूर जाड तारेवर तिसऱ्या बोटाने दाबायचा होता.

कानसाहेबांनी आधी कॉम्प्रेसर लावला. हे यंत्र मोठ्या सुरांना डोक्यावर हात ठेवून खाली बसवतं, म्हणजे छोटे सूर त्यांच्या बरोबरीला येतात. बसवलं. सगळे सूर खाली बसले आणि पडणारा सूर त्यांच्याही खाली जाऊन बसला. मग त्यांनी यंत्र काढून फेकलं आणि पडद्यावरची सरकती कळ धरून एकेक सूर हाताने उचलायला घेतला. बेचाळीस सूर. एक उचलला की आधीचा आणि नंतरचा वेडावाकडा वाटायचा, मग त्यांना समजवावं लागायचं.

गंमत अशी की पडद्यावरचा मीटर एखाददुसरा सोडला तर सगळे सूर सारखे असल्याचं दाखवत होता. कानसाहेब मीटरकडे बघून हसले. "मीटर डोळ्यांसाठी असतो," ते खोलीला म्हणाले. मग त्यांनी हेडफोन लावून पाहिला. त्यातही सूर सारखे. "हेडफोनला खर्जातलं काय कळतंय," असं म्हणून त्यांनी तो काढून ठेवला.

दुपारी चहाला बाहेर आले तर मावशी बसल्या होत्या. मावशी म्हणजे बायकोची मावशी. गुडघा दाखवायला रविवारी आल्या होत्या आणि कानसाहेबांच्या खोलीच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत मुक्काम होता. एका कानात ऐकायचं यंत्र.

"जावईबापू, तुमचं ते गाणं छान आहे हो," मावशी म्हणाल्या. "पण मधूनच ते एक ढुम् येतं ना, ते जरा आवरा. भिंतीतून थेट माझ्या पाठीत येतं."

"कुठलं ढुम्, मावशी?"

मावशींनी गुणगुणून दाखवलं. बरोबर तोच सूर होता.

"तो तर सगळ्यात बारीक सूर आहे," कानसाहेब म्हणाले.

"असेल बाई. मला काय कळतंय?" मावशी म्हणाल्या. "माझं यंत्रही जुनं झालंय."

कानसाहेबांनी मान हलवली आणि चहा घेऊन पुन्हा आत गेले.

मंगळवारी रात्री जेवताना बायकोने विचारलं, "धाकट्याचं कसं झालंय?"

"चांगलं आहे," कानसाहेब म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

त्यांच्या संसाराला तेवीस वर्षं झाली होती. ते पाणी प्यायला कधी उठतात हे तिला ठाऊक होतं.

"बसा खाली," ती म्हणाली. "काय झालंय?"

ते बसले. सांगितलं. बायकोने घास तसाच ताटात ठेवला.

"तिसरं बोट? नक्की?"

"बेचाळीस वेळा."

"मी रोज तपासत होते ते बोट. उजव्या हाताइतकी ताकद आहे त्यात. मोजलीय मी."

"तुझं मोजणं वेगळं गं. हा संगीताचा मामला आहे."

"म्हणजे माझं अकरा महिन्यांचं काम तुम्ही डोळे मिटून रद्द करणार."

"डोळे मिटल्याशिवाय ऐकू येत नाही," कानसाहेब म्हणाले. उत्तर बरोबर होतं, पण वेळ चुकली होती. त्या रात्री घरात जे काही वाजलं ते फक्त भांडी.

बुधवारी संगीतकार बाईंचा फोन आला. बाई बोलायला गोड नव्हत्या, पण सरळ होत्या.

"बेस कसा आहे?"

कानसाहेबांना म्हणायचं होतं, 'झकास'. चोवीस वर्षांत त्यांनी कामाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. दोन्ही गोष्टी घशात एकदम आल्या आणि बाहेर पडलं ते असं, "जरा... वरखाली आहे."

"सावरता येईल?"

"बघतोय."

"हे बघा कानसाहेब, तुमच्या शब्दावर घेतलाय त्याला. आता तुमच्याच शब्दावर ठरवेन. उद्या बारापर्यंत सांगा. नसेल जमत तर दोन वाजता दुसऱ्या वादकाला बोलावते. माझ्याकडे दिवस नाहीत."

फोन ठेवल्यावर कानसाहेबांनी मनातल्या मनात हिशोब मांडला. धाकट्याच्या हातचं हे गाणं गेलं तर पुढचं कोण देणार? 'त्याचं बोट गेलंय' ही बातमी वादकांच्या जगात पोचायला दुपारचा एक चहा पुरतो.

गुरुवारी सव्वाअकराला धाकटा स्वतःच आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट. पहिल्या रेकॉर्डिंगचं मिक्स ऐकायला आला होता.

"भावजी, लावा की."

कानसाहेबांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि मूळ ट्रॅक जसाच्या तसा लावला. अकराव्या सेकंदाला धाकट्याचा चेहरा बदलला. तिसाव्या सेकंदाला त्याने डावा हात समोर धरला आणि तिसऱ्या बोटाकडे असं पाहिलं, जसं एखाद्या भाडेकरूकडे बघावं, ज्याच्याबद्दल शेजारी आधीपासूनच काहीतरी सांगत होते.

"स्टुडिओत असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"बेचाळीसही सूर मी हाताने उचललेत. ऐकणाऱ्याला कळणार नाही."

"मला कळेल ना." धाकटा उठला. "बेचाळीस वेळा तुम्ही बोट धरून चालवणार मला. आणि पुढच्या वेळी स्टेजवर कोण धरणार? नको, भावजी. बाईंना मीच फोन करतो. दुसरा बोलवा म्हणतो."

"अरे, थांब जरा."

"माझं बोट आहे, मी सांगतो." आणि तो गच्चीवर गेला, कारण घरात त्याच्या फोनला रेंज नव्हती.

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. खांद्याला पर्स होती, दवाखान्यात निघायची वेळ झाली होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा व्हायला आले होते.

"एक परीक्षा राहिलीय," कानसाहेब घाईने म्हणाले. कुठलंही गाणं पाठवण्याआधी ते बायकोच्या गाडीत लावून ऐकत. लोक स्टुडिओत बसून गाणी ऐकत नाहीत, ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. "माझं दुरुस्त केलेलं गाडीत बरं वाजलं, तर बाईंना सांगतो, वादक बदलायची गरज नाही. चल."

दोघं खाली गेले. कानसाहेबांनी पेन ड्राइव्ह लावला. त्यावर गाणं दोनदा होतं, एकदा दुरुस्त केलेलं आणि एकदा जसं आलं तसं. त्यांनी दुरुस्त केलेलं लावलं, डोळे मिटले.

अकराव्या सेकंदाला आरसा थरथरला. बाराव्याला दोन्ही दारं दणाणली. पुढच्या वेळी तो सूर आला तेव्हा डॅशबोर्डचा कप्पा आपोआप उघडला आणि गाडीची कागदपत्रं बाहेर डोकावून बघायला लागली. पलीकडच्या गाडीत बसलेल्या एका गृहस्थाने काच वर केली.

"हे काय लावलंय?" बायको ओरडली.

कानसाहेबांचे डोळे उघडे होते. तेवीस वर्षांत गाणं चालू असताना त्यांचे डोळे उघडे असलेले तिने प्रथमच पाहिले. त्यांनी पटकन पुढचं लावलं. जसं आलं तसं.

बेस आला. सगळे सूर एका ओळीत, एका उंचीचे. तिसऱ्या बोटाचाही. कप्पा बंद करून ठेवला होता, तो बंदच राहिला.

"सारखाच तर आहे," बायको म्हणाली.

"सारखा आहे," कानसाहेब म्हणाले. मीटर म्हणाला होता सारखा आहे. हेडफोन म्हणाला होता. मावशींची पाठ म्हणाली होती. "मग वर... वर काय झालंय? खोली तर सरळ आहे."

"रविवारपर्यंत असेल."

"म्हणजे?"

"तुम्हीच म्हणालात ना, दारामागची ती अडगळ काढ म्हणून? मावशींसाठी काढल्या मी."

"काय काढलंस?"

"गाद्या. तीन गाद्या आणि चार रजया. सहा वर्षं त्या कोपऱ्यात उभ्या होत्या, जमिनीपासून छतापर्यंत."

कानसाहेबांनी गाडीच्या खिडकीवर डोकं टेकलं. चौकोनी खोलीत एखादा खालचा सूर समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येतो, भिंतीपाशी फुगतो आणि नेमका मध्यावर स्वतःलाच खाऊन टाकतो. हे त्यांनी कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं. तो खाणारा सूर त्यांच्या खोलीत कधी आढळला नव्हता, याचं श्रेय त्यांनी सहा वर्षं स्वतःच्या कानाला दिलं होतं. ते दारामागे उभं राहून असे सूर पिऊन टाकणाऱ्या कापसाचं होतं.

"किती वाजले?"

"अकरा चाळीस."

पाच जिने ते चढले कसे, हे त्यांच्या गुडघ्यांनाच माहीत. गच्चीवर धाकटा टाकीला टेकून उभा होता. फोन खिशात.

"केलास?" कानसाहेबांना पुढचे शब्द दम लागून फुटेनात.

"केला. सांगितलं, बोट चालत नाही म्हणून. बाई म्हणाल्या, तुझं मत मला नको, कान काय म्हणतो ते बारा वाजता ऐकेन." धाकटा हसला, पण ते हसणं त्याच्या चेहऱ्यावर नीट बसलं नाही. "सांगून टाका, भावजी. मला राग नाही येणार."

"खाली चल. गाद्या उचलायच्यात."

"काय उचलायच्यात?"

"चल रे आधी!"

मावशी पाय पसरून गाद्यांवर पडल्या होत्या. हातात मासिक, नाकावर चष्मा.

"मावशी, उठा," कानसाहेब म्हणाले.

"अगं बाई, काय झालं? कुणाचं काही बरंवाईट...?"

"नाही नाही. गाद्या हव्यात."

"आत्ता?"

"बारा वाजायच्या आत."

मावशींनी आयुष्यात बरेच जावई पाहिले होते. त्या काही न विचारता उठल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या. कानसाहेबांनी एक टोक धरलं, धाकट्याने दुसरं. बायकोने दवाखान्यात फोन करून पहिल्या पेशंटला तासाभराने यायला सांगितलं आणि रजया काखेत मारल्या. दारातून गादी आत नेताना ती मधेच अडकली. कानसाहेब आतल्या बाजूने ओढत होते, धाकटा बाहेरून ढकलत होता. डाव्या हाताच्या पाचही बोटांनी.

"बोट सांभाळ," बायको म्हणाली.

"बोटाला काय झालंय?" कानसाहेब आतून ओरडले. "बोट उत्तम आहे!"

बाहेर क्षणभर कोणी ढकलेना.

अकरा चोपन्नला तिन्ही गाद्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या, वर रजया कोंबल्या. कानसाहेबांनी धाकट्याला पांढऱ्या गोलांमधल्या खुर्चीत बसवलं. स्वतः मागे उभे राहिले. लावलं, जसं आलं तसं.

अकरावा सेकंद आला. सूर आला. मांडी घालून बसला.

पुन्हा आला, पुन्हा बसला. धाकट्याने डावा हात मांडीवर उलटा ठेवला होता, आणि जिथे जिथे तो सूर येई तिथे त्याचं तिसरं बोट आपोआप मांडीवर दाबलं जाई. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि भावाच्या बोटाकडे बघत होती. तिच्या ओठांची हालचाल चालली होती. मोजत होती बहुतेक.

गाणं संपायच्या आत फोन वाजला. बरोबर बारा.

कानसाहेबांनी फोन उचलला. या क्षणी अनेक उत्तरं शक्य होती. 'सावरलं मी,' असं म्हटलं असतं तर धाकटाही वाचला असता आणि कानही. त्यांनी धाकट्याच्या मानेकडे पाहिलं. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर गादी उचलून चुरगळली होती.

"बोला," बाई म्हणाल्या.

"बेस बरोबर आहे. पहिल्यापासूनच बरोबर होता."

"काल तर वरखाली म्हणालात."

"खोली वरखाली होती."

"तुमची खोली? ती तर सरळ आहे ना? गेल्या वर्षी तासभर ऐकवलं होतं तुम्ही मला."

"गाद्या काढल्या होत्या," कानसाहेब म्हणाले.

"कसल्या गाद्या?"

"झोपायच्या. आमच्याकडे मावशी आल्यात."

पलीकडे शांतता पसरली. त्या शांततेत कानसाहेबांना चोवीस वर्षांची कमाई एकेक सूर करत खाली पडताना ऐकू आली.

"आणि हे चार दिवस तुमच्या कानाला कळलं नाही?"

"नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याला नाही बोलवत. चारपर्यंत मिक्स पाठवा. आणि कानसाहेब, गाद्या हलवू नका."

फोन ठेवला. कानसाहेबांनी घसा साफ केला. क्षमेचं एक लांबलचक वाक्य त्यांनी जिना चढताना तयार केलं होतं, त्यात खर्ज, विश्वास आणि बुडालेली राज्यं असं सगळं आलं होतं.

"भावजी," धाकटा मागे न बघता म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात, 'पुन्हा' या शब्दाखाली एक सूर खरंच पडलाय. गाद्या असूनही."

कानसाहेबांनी मागे नेऊन ऐकवलं. खरंच पडला होता. बेचाळिसांत एक.

"तो माझाच," धाकटा म्हणाला. "तिथे बोट दुखलं होतं. तेवढा उचला."

"उचलतो." कानसाहेब धाकट्याच्या समोर येऊन उभे राहिले आणि तयार केलेलं वाक्य पहिल्या शब्दापासून काढायला सुरुवात केली. "हे बघ, माणसाने आयुष्यभर ज्याच्यावर भरवसा ठेवला..."

दारावर टकटक झाली. मावशी उभ्या होत्या, एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हातात मासिक.

"मधे बोलते हं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "ती मधली गादी तेवढी मला द्या. बाकीच्या दोन राहू देत गाण्याला."